लताबाईंचं कुंकू आणि माझं भिंग

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका डोळ्याचा, पितळी मानेचा आणि स्वभावाने थोडा मानी. नाशिकजवळच्या मळ्यांमध्ये आमची सातवीपर्यंतची सरकारी शाळा आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी राहतो. प्रयोगशाळा म्हणजे एकच खोली. पण ती गावाने श्रमदानातून बांधली. कुणी दगड वाहिले, कुणी वाळू आणली. एवढ्या हातांनी उभ्या राहिलेल्या घरात राहायला मिळालं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी आलो चौऱ्याण्णव साली. पहिली चार वर्षं मात्र काचेच्या कपाटात गेली. रावजी गुरुजी शिकवायचे मन लावून, पण मला मुलांच्या हाती द्यायला त्यांचा जीव धजत नसे. "लांबून बघा रे, नाजूक असतं ते," म्हणायचे. मुलं मला बघायची. माझ्यातून कुणी बघत नसे. देवाने डोळा दिला आणि त्यापुढे अंधार ठेवला, तसं माझं झालं होतं.

खंडेनवमीला तेवढा मी बाहेर येई. शाळेतल्या शिपाई लताबाई रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय घोटभर चहासुद्धा घेत नसत. त्या मला पाटावर बसवत, झेंडूची माळ घालत आणि हळद-कुंकू वाहत. अठ्ठ्याण्णव साली तर त्यांनी कुंकवाची चिमूट थेट माझ्या वरच्या भिंगावरच वाहिली. मनात भाव होता, हात जरा सैल सुटला, इतकंच.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सातवीतली भाग्यश्री वडिलांना घेऊन शाळेत आली. तिचे वडील, चिमाजी, गुलाबाची शेती करायचे. त्या वर्षी कळ्या उमलायच्या आधीच कडेने करपत होत्या.

"गुरुजी, दिवाळीचा माल हातचा गेला तर हिची शाळा बंद," चिमाजी म्हणाले. "मजूर परवडायचे नाय. पोरगी हाताशी घेईन."

भाग्यश्री खाली बघत उभी होती. तिच्या मुठीत चार कळ्या होत्या.

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि मला टेबलावर घेतलं. कळी काचेवर झटकली, काच माझ्याखाली सरकवली आणि गुरुजींनी डोळा लावला.

"लाल ठिपके! लाल कोळीच हा किडा. पुस्तकात अगदी असाच दिलाय." त्यांनी औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहूनही दिलं. चिमाजींनी चिठ्ठी खिशात घातली आणि ते दाराकडे वळले.

"गुरुजी, मी बघू?" भाग्यश्रीने विचारलं. पहिल्यांदाच एका मुलीचा डोळा माझ्या डोळ्याला लागला. तिने काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

"काच हलतेय, पण ठिपके जागचे हलत नाहीत."

"चिकटून बसले असतील गं."

"मग हे वरचं भिंग फिरवलं की तेवढे कसे फिरतात?"

दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या लताबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका. ते माझं कुंकू हाय."

चिमाजींना हसू आवरेना. "घ्या! म्हणजे मी देवाच्या कुंकवावर फवारा मारायला निघालो व्हतो!"

गुरुजींचे कान लाल झाले. पण माणूस सच्चा. "द्या ती चिठ्ठी इकडे, चुकलो मी," म्हणत त्यांनी ती फाडली. लताबाईंनी वाती वळायला घेतलेला स्वच्छ कापूस आणला आणि माझा डोळा हलक्या हाताने पुसला.

भाग्यश्रीने पुन्हा पाहिलं. "सहा पाय आहेत, गुरुजी! अंग पिवळट, सडपातळ. आणि पंखांना झालर!"

ते फुलकिडे होते. या वेळी गुरुजींनी घाई केली नाही. किडे बाटलीत घालून ते कृषी अधिकाऱ्यांना दाखवून आले, आणि मगच औषध ठरलं. दिवाळीच्या आधी चिमाजी शाळेत आले ते पाटीभर उमललेले गुलाब घेऊन. पहिलं फूल त्यांनी लताबाईंच्या हातात दिलं. मग गुरुजींना म्हणाले, "सातवी झाली की आठवीला नाशकात घालतो पोरीला. सायकलबी बघून ठेवलीय."

त्यानंतर मी कपाटात राहिलो नाही. शनिवारी शाळा सुटली की व्हरांड्यात माणसं रांग लावत. कुणाच्या हाती टोमॅटोचं पान, कुणाच्या हाती द्राक्षाचा देठ. सातवीची मुलं काच पुसायची, चित्र काढायची आणि आपल्याच आजोबांना दटावायची, "हलू नका हो, नीट बघा!" आजोबा निमूट ऐकायचे. कितीतरी वर्षं हे चाललं. एवढा मान कुणाला मिळतो?

आता माझा स्क्रू सैल झाला आहे आणि पितळ काळवंडलं आहे. शेजारी नवे, चकचकीत सूक्ष्मदर्शक आले आहेत. मला त्यांचा हेवा वाटत नाही. काळजी एवढीच वाटते, की जपण्याच्या नावाखाली त्यांना कुणी आंधळं ठेवू नये. वापराने आम्ही झिजतो, हे खरं. पण नुसतं पडून राहिलो की गंजतो, आणि गंजण्यापेक्षा झिजणं कितीतरी चांगलं. म्हणून मित्रांनो, या. हात स्वच्छ धुऊन या, आणि आम्हाला हात लावा.