हाताला आठवत होतं

मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे. लोहाराने मला पोलादाच्या कांबीतून घडवले, धारेला पाणी दिले आणि दगडावर अक्षरे कोरणाऱ्या एका कारागिराच्या हाती सोपवले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. घरांच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला, सगळे त्यांनी माझ्याकडून करून घेतले.

त्यांची मुलगी शिकायला बसली, तेव्हा वर्षभर त्यांनी तिला एकही अक्षर कोरू दिले नाही. टाकाऊ दगडावर नुसत्या सरळ रेघा. ती कुरकुरली की म्हणायचे, "तुला कळून उपयोग नाही गं, मनगटाला कळलं पाहिजे." तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. तिसऱ्या वर्षी ती गप्पा मारता मारता रेघ कोरू लागली आणि रेघ केसभरही ढळेना. गिऱ्हाइके वाखाणत. मिस्त्री मात्र तोंडावर कधी बरे म्हणाले नाहीत.

मग त्यांना विसर पडू लागला. आधी गिऱ्हाइकांची नावे गेली, मग घराची वाट, शेवटी मुलगी. "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" असे ते तिलाच विचारत. पण मला हातात दिले की बोटे आपापल्या जागी बसत, हातोडी ठेक्यात पडे. म्हणून रोज सकाळी ती त्यांच्यापुढे एक फुटका दगड ठेवी आणि शेजारी आपले काम घेऊन बसे.

एकदा त्यांनी तिच्या अक्षरांवरून बोट फिरवले.

"हात तयार आहे. कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"कडक असणार."

"होते," ती म्हणाली आणि दगडावरची भुकटी उगाच फुंकत राहिली.

हिवाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी मला उलटे धरले. तिने सरळ करून दिले. त्यांनी पुन्हा उलटेच धरले आणि हातोडी उचलली. तिने त्यांची बोटे एकेक करून सोडवली. त्यानंतर ते हात मांडीवर ठेवून नुसते बसत. महिन्याभरात गेले.

ती आता दुसऱ्या छिन्नीने काम करते. मी खिडकीतल्या डब्यात गंजते आहे. मित्रांनो, हत्यारे कोरडी ठेवा, त्यांना तेलाचा हात लावा. आणि घरात कोणाचे हात जाणते असतील, तर त्यांच्याजवळ बसायला उशीर करू नका.

मिस्त्रींच्या अंगठ्याने माझी एक बाजू गुळगुळीत झाली आहे. मुलगी कधीतरी डबा उघडते, तिथे आपला अंगठा टेकवते आणि झाकण लावते.