बबनराव अल्माटीला जातात

"आपुन आता कुठी हाओ?" बबनरावांनी विचारलं.

"सिंगापुरात," मी म्हणाले.

त्यांनी दुकानाच्या दारातून बाहेर पाहिलं. समोर चंपतची चहाची टपरी होती आणि टपरीपुढे नेहमीची बकरी. "बरं," असं म्हणून ते पुन्हा मोबाइलकडे वळले. इतक्या सहजपणे परदेशी गेलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

केनवडला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, दाखले, पोरांचे परीक्षेचे अर्ज, सगळं गाव माझ्याच टेबलावरून पुढं जातं. बबनराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बत्तीस वर्षं रिसोड ते वाशीम आणि वाशीम ते रिसोड. लाखभर माणसांना तरी त्यांनी 'कुठं जायचं?' म्हणून विचारलं असेल. स्वतः मात्र अकोल्याच्या पलीकडे कधी गेले नाहीत.

त्यांची वैजयंती बावीस वर्षांची. चालण्याच्या शर्यतीत उतरते. धावण्याच्या नव्हे, चालण्याच्या, वीस किलोमीटर. रविवारी ती कझाकस्तानात, अल्माटी नावाच्या शहरात भारताकडून चालणार होती, आणि ती शर्यत फक्त त्या देशातल्या लोकांनाच मोबाइलवर दिसणार होती. आपण उघडली की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' अशी काळी पाटी यायची. बबनरावांनी लेकीची एकही शर्यत पाहिलेली नव्हती. ही त्यांना काहीही करून पाहायची होती.

म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांच्या मोबाइलवर व्हीपीएनचं फुकटातलं ॲप टाकलं. आपण इंटरनेटवर कुठून आलो ते समोरच्याला कळतं. हे ॲप आपल्याला आधी दुसऱ्या देशातल्या एका कॉम्प्युटरमधून फिरवून नेतं, मग समोरच्याला वाटतं आपण तिथलेच, असं मी त्यांना समजावलं.

"म्हंजे मंधात गाडी बदलाची," ते म्हणाले.

पाच वर्षं लोकांना कॉम्प्युटर शिकवते आहे मी, पण मला हे सुचलं नसतं. सिंगापूर करून पाहिलं, काळी पाटी तशीच. मग यादीतून कझाकस्तान निवडलं आणि पाटी गेली. एका रुंद रस्त्याचं चित्र आलं, पाठीमागे बर्फाचे डोंगर, आणि शर्यतीला किती तास उरले ते दाखवणारं घड्याळ. बबनरावांनी पायातल्या चपला नीट केल्या, जणू उतरायचंच आहे. हे ॲप बंद-चालू कसं करायचं ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं आणि मोबाइल खिशात घालून घरी गेले. तिथंच माझं चुकलं.

रविवारी सकाळी सातला दुकान भरलं. बबनरावांच्या पत्नी प्रयागबाई इस्त्रीची साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. चंपत टपरी सोडून किटली घेऊन आला होता, आणि मागं दहाबारा माणसं उभी. शर्यत आपल्या वेळेनं साडेसातला. मी बबनरावांच्या मोबाइलवर ॲप उघडलं. या महिन्याचा फुकटचा डेटा संपला आहे, असं तिथं लिहिलेलं.

काल संध्याकाळी काय केलं म्हणून मी विचारलं, तर आधी ते खाकरले. मग हळूहळू बाहेर आलं. संध्याकाळी ते जपानला गेले होते. तिथून ब्राझील, मग नॉर्वे. आणि प्रत्येक देशात पोचल्यावर त्यांनी तिथल्या बसगाड्यांचे व्हिडिओ पाहिले होते.

"तिथी गेलो तं म्हणलं गाड्या पाहून घ्याव," ते म्हणाले. "जपानात गाडीत कंडक्टरच नाही, ज्योत्स्ना."

मला इतका राग आला की हसूच आलं. व्हिडिओ कुठंही बसून दिसतात, हे सांगायला आता वेळ नव्हता. प्रयागबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पिशवीतून आपला फोन काढला आणि माझ्यापुढे सरकवला. त्या फोनवर लेकीच्या फोटोंशिवाय काही नव्हतं. मी त्यांच्या नावाचा ईमेल काढला, पासवर्ड ठरवला, ॲप उतरवायला लावलं. नेट गोगलगायीसारखं चाललेलं. साडेसात झाले, पावणेआठ झाले. बबनराव टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत येरझारा घालत होते. "निंघाली असन ना व पोरगी आतालोक," एवढंच तिसऱ्यांदा म्हणाले.

आठ वाजून पाच मिनिटांनी चित्र उघडलं. फोनचं चित्र मी कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर घेतलं. वीस-पंचवीस बायका रस्त्यावरून झपाझप चाललेल्या. आमच्यापैकी कोणाला काही समजायच्या आत प्रयागबाईंनी बोट ठेवलं. निळा बनियन, पाठीवर वेणी. होती खरी वैजयंती.

या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला लागून हवा आणि टेकलेला गुडघा ताठ हवा. त्यामुळे कंबर हेलकावे खाते. न पाहिलेल्या माणसाला ते विचित्रच दिसतं. चंपत म्हणाला, "बदकावानी चालून राह्यली," आणि मागचे हसले. खरं सांगायचं तर मीही हसले.

बबनराव वळले. चिडले नाहीत.

"सहा वर्षं झाले," ते म्हणाले. "पहाटची गाडी. हे रस्त्याच्या कडंनं असीच चालून राह्यली होती. सारी गाडी हासली. डायवर नवा होता, म्हणे कोनाची पोरगी हाये? मी म्हणलो, मी नाही वयखत." मग पुढं म्हणाले, "तिनं मले गाडीच्या दारात पाह्यलं होतं. घरी आल्यावर काहीच नाही बोलली."

प्रयागबाईंनी मान वर केली नाही. हे त्यांनाही आजच कळत होतं की काय, कोण जाणे. चंपतनं गुपचूप चहा ओतायला घेतला. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

पण शर्यत आमच्यासाठी थांबत नव्हती. चौदाव्या किलोमीटरला वैजयंती अकरावी होती. तिच्या नावापुढे एक लाल खूण आली. चाल चुकली की पंच अशी खूण देतात आणि खुणा वाढल्या की बाहेर काढतात, हे मी सांगितलं. सोळाव्याला ती नववी झाली. लाल खूण एकच. मागची माणसं आता टेबलावर ओणवी झाली होती. अठराव्याला आठवी. चित्र गोठलं, गोल चक्र फिरायला लागलं, चंपत देवाचं नाव घेऊ लागला. चित्र परत आलं तेव्हा ती एका चिनी मुलीच्या खांद्याला खांदा लावून होती. शेवटच्या फेरीत तिनं तिलाही मागं टाकलं आणि पुढचीलाही. आम्ही सगळे ओरडत होतो. बबनरावांचा हात मात्र टेबलाच्या कडेला घट्ट, गाडी खड्ड्यातून जाताना दांडी धरावी तसा.

सहावी आली. पदक नाही. रेषेपलीकडे ती रस्त्यावरच बसली, मग उठली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. प्रयागबाई आता मोकळेपणानं रडत होत्या.

चित्राच्या खाली तिथल्या लोकांचे निरोप धावत होते, आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीत. ते काय आहे, असं बबनरावांनी विचारलं. बघणारे लिहितात, मी सांगितलं. आपल्यालाही लिहिता येईल का, त्यांचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, लिहिता येईल, पण नको. आपण इथं लपून बसलोय, आपली भाषा दिसली तर हाकलतील. तसं खरंच होतं का ते मला माहीत नव्हतं. मी घाबरले होते एवढंच.

"एकडाव लपलो ना मी," ते म्हणाले. "आता नाही."

त्यांनी बायकोचा फोन हातात घेतला आणि एका बोटानं लिहायला सुरुवात केली. चार मिनिटं लागली. मग अल्माटीच्या त्या गर्दीत, प्रयागबाईंच्या नावानं, एक ओळ उमटली: 'वैजयंती माझी मुलगी आहे. बबनराव, मु. पो. केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम.'

खालून परकी अक्षरं येत राहिली तशी ती ओळ वर सरकू लागली. बबनराव मोठ्या पडद्यावर तिच्या बाजूनं बोट नेत होते. बोट पडद्याच्या काठाला लागलं तेव्हा त्यांनी ते खाली घेतलं आणि प्रयागबाईंना विचारलं, "वाचलं असन ना कोनी?"