उलट्या शिवणीचा फ्रॉक

मास्तरांकडून शिवून आणलेला कपडा लोक आधी उलटा करून बघत. ही सवय त्यांना खुद्द मास्तरांनीच लावली होती. "बाहेरून काय, कुणीही शोभा आणेल. शिंप्याचं शील आतून दिसतं," असं ते म्हणायचे आणि गिऱ्हाइकाच्या समोर बाही उलटी करून दाखवायचे. आत एक दोरा लोंबताना सापडणार नाही, की एक कड वाकडी जाणार नाही. बत्तीस वर्षं त्यांनी शिवण लपवण्यातच घालवली होती म्हणा ना.

म्हणून त्या दुपारी एका बाईने पिशवीतून पाच फ्रॉक काढून त्यांच्या टेबलावर ठेवले, तेव्हा मास्तरांच्या कपाळाला आठ्याच पडल्या. एकाची बगल उसवलेली, दुसऱ्याचा गळा कात्रीने कापलेला, तिसऱ्याची लेबलं अशी ओरबाडून काढलेली की तिथे भोकं पडली होती.

"काय दशा केलीय हो कापडाची! कुणी केलं हे?"

"मीच," बाई म्हणाली. "लेकीसाठी. तिला शिवण टोचते. अंगात घातलं की दोन मिनिटांत काढून फेकते."

लेक दुकानाच्या बाहेर पायरीवर उभी होती. सात वर्षांची, अंगावर बापाचा धुवून धुवून विटलेला बनियन, गुडघ्यापर्यंत आलेला. दोन्ही कानांवर हात गच्च धरलेले, कारण आत मास्तरांची सूनबाई मशीन चालवत होती. आनंद झाला की जागच्या जागी गरगर फिरायची, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. बोलायची फार थोडं. तीन शाळांनी नको म्हटल्यावर चौथीने हो म्हटलं होतं, आणि त्या चौथ्या शाळेची एकच अट होती: गणवेश. शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते.

"आणा तिला आत. मापं घेऊ, मग बघू," मास्तर म्हणाले. बाई "जरा थांबा, आधी तिला..." म्हणेपर्यंत ते फीत घेऊन पायरीवर पोचलेसुद्धा. सवयीने त्यांनी मागूनच फीत खांद्यावर टाकली.

पोरगी अशी किंचाळली की रस्त्यावरची माणसं थबकली. तिने खाली अंग टाकलं आणि डोकं पायरीवर आपटायला लागली. मास्तरांच्या हातातली फीत गळून पडली. शर्टाच्या ट्रायलला आलेला एक गृहस्थ आतूनच म्हणाला, "लाडावलीय. एक ठेवून द्या कानाखाली, गप्प बसेल."

बाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पायरीवर बसली. पोरीचं डोकं आपटत होतं तिथे तिने आपला तळहात सरकवला आणि पिशवी घडी करून त्यावर ठेवली. एवढंच. रागावणं नाही, 'गप, गप' नाही, की 'लोक बघतायत' नाही. आतल्या मशीनकडे बोट करून तिने सूनबाईला खुणेने विनवलं. मशीन थांबलं. मग ती नुसती बसून राहिली, कुणीतरी आवडत्या माणसाची गाडी यायची वाट बघत बसावं तशी. दहा मिनिटांनी आपटणं थांबलं. आणखी पाच मिनिटांनी भिंगरी उठून बसली आणि पिशवीचा बंद ओठांवरून फिरवायला लागली.

"चूक तिची नाही, मास्तर," बाई म्हणाली. तिच्या हाताची बोटं पायरीवर घासून सोलली होती. "चूक माझी. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ती ऑटिस्टिक आहे. पुस्तकात याला स्वमग्नता म्हणतात. पण स्वतःत मग्न कसली हो! उलट तिला जगाचं सगळंच जास्त येऊन आदळतं. आपल्याला मशीनचा आवाज ऐकू येतो, तिला तो कानात खिळा ठोकल्यासारखा लागतो. आणि मागून अचानक हात लागला तर..."

"तर मी तिला घाबरवलं," मास्तरांनी वाक्य पुरं केलं.

गृहस्थाचा शर्ट त्यांनी त्या दिवशी दाखवलाच नाही. "उद्या या," म्हणून वाटेला लावलं. मग ते बाईकडे वळले. "ताई, तुम्हीच सांगा. हिचं माप कसं घ्यायचं?"

चार दुकानं पालथी घातल्यावर हा प्रश्न बाईला पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

ठरलं ते असं. दुकान दुपारी दोन ते तीन बंद असायचं. तेव्हा यायचं, मशीन बंद, दुसरं गिऱ्हाईक नाही. मास्तरांनी आपली फीत भिंगरीला घरी न्यायला दिली. बाईने चार कागदांवर चार चित्रं काढली: दुकान, फीत, मास्तरांचा चष्मा आणि मिशा, आणि शेवटी घर. रोज निघायच्या आधी ती ते कागद लेकीपुढे ओळीने मांडायची, म्हणजे पुढे काय होणार आणि कधी संपणार ते तिला कळायचं.

पहिले दोन दिवस भिंगरीने दुकानाचं माप घेतलं. टेबल, दार, इस्त्री, सूनबाईची वेणी. मास्तर स्टुलावर मुकाट बसून राहायचे. त्यांच्या आयुष्यात एवढी शांत दुपार कधी आली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्यापुढे आली आणि फितीचं एक टोक त्यांच्या गुडघ्याला लावलं. नजर भलतीकडेच होती.

"बघत नाही म्हणजे लक्ष नाही असं समजू नका," बाई हळूच म्हणाली.

"छे हो. माझंच माप घेतेय ती," मास्तर म्हणाले. "घे बाई, घे."

चौथ्या दिवशी तिने फीत स्वतःच्या खांद्यावर ठेवली आणि दुसरं टोक मास्तरांपुढे धरलं. मास्तरांनी ते दोन बोटांत पकडलं, आकडा वाचला आणि सोडून दिलं. सगळी मापं तशीच झाली. एकदाही त्यांचं बोट तिला लागलं नाही.

मग कापड. शाळेचं कापड टेरिकॉटचं, निळं. मास्तरांनी त्याच रंगाचं सुती कापड कुठूनतरी पैदा केलं आणि तीन तुकडे टेबलावर ठेवले. भिंगरीने एकेक उचलून वरच्या ओठावरून फिरवला. पहिला टाकला. दुसरा टाकला. तिसरा कुशीत धरून ती गर्रकन फिरली.

"दुसरा आणि तिसरा एकाच ताग्यातले आहेत हो!" मास्तर म्हणाले. मग त्यांनाच आठवलं. तिसरा तुकडा आटतो किती ते बघायला त्यांनी आदल्या दिवशी तीनदा धुतला होता. त्यांनी दोन्ही तुकडे स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिले, मग डोळे मिटून पाहिले. त्यांना काही फरक कळेना.

"बत्तीस वर्षं कापड चिवडतोय," ते सूनबाईला म्हणाले, "आणि या सात वर्षांच्या पोरीपुढे माझी बोटं म्हणजे लाकडं."

खरी परीक्षा पुढे होती. शिवण टोचते, तर ती अंगाला लागताच कामा नये. म्हणजे ती बाहेर काढायला हवी. मास्तर दोन दिवस कापलेले तुकडे पुढ्यात घेऊन बसले. लोकांना ओरडून सांगावं, 'बघा, हा शिंपी उलटा कपडा शिवतो,' अशातलाच तो प्रकार. जन्मभर जे झाकलं, तेच आता चव्हाट्यावर मांडायचं?

"बाबा, लोक म्हणतील, मास्तरांना म्हातारचळ लागला," सूनबाई हसत म्हणाली.

"म्हणू देत. लोकांना टोचतंय का?"

त्यांनी शिवणीतलं जास्तीचं कापड बाहेरच्या बाजूला काढलं, सपाट दाबलं आणि त्यावर पांढरी पट्टी बसवली. आतून फ्रॉक गुळगुळीत, हाताला एक उंचवटा लागेल तर शपथ. बाहेरून खांद्यावर आणि कुशीवर पांढऱ्या रेघा. कॉलर त्यांनी काढूनच टाकली आणि गळ्यालाही तीच पट्टी लावली.

ट्रायलच्या दिवशी भिंगरीने फ्रॉक घातला. एक मिनिट. दोन मिनिटं. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिसऱ्या मिनिटाला भिंगरीने तो काढला, पण फेकला नाही. टेबलावर पसरला, उलटा केला आणि डाव्या बगलेत बोट ठेवलं.

"तिथे काही नाही बाळ," मास्तर म्हणाले. "उजवीकडे जसं, तसंच डावीकडे."

बोट हललं नाही.

"एकदा बघता का?" बाई म्हणाली. "ती उगाच दाखवत नाही."

मास्तरांनी भिंग काढलं. डाव्या बगलेत, बरोबर बोटाखाली, दोन इंचांचा टाका सुती दोऱ्याचा नव्हता. बॉबिनवरचा दोरा संपला होता तेव्हा घाईत हाताशी आलेली दुसरी बॉबिन लावली होती. रंग तोच, पण दोरा नायलॉनचा. सूनबाईने जीभ चावली. मास्तरांनी मात्र भिंग बाजूला ठेवून त्या पोरीकडे पाहिलं. आपल्या दुकानातली चूक आपल्याला पकडून देणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

"तुझं बरोबर, माझं चूक," त्यांनी तिला रीतसर सांगितलं. तिच्यासमोरच दोन इंच उसवले आणि सुती दोऱ्याने हाताने शिवले. पुन्हा फ्रॉक अंगात गेला. पाच मिनिटं. दहा. चित्राच्या चौथ्या कागदावर बोट ठेवून, फ्रॉक अंगात तसाच ठेवून भिंगरी घरी निघाली.

शाळा उघडली त्या सकाळी मास्तर दुकान सूनबाईवर सोपवून शाळेच्या फाटकाशी हजर होते. मनात धाकधूक होती, आणि ती खरी ठरली. फाटकावरच्या शिक्षिकेने भिंगरीला थांबवलं. "अहो, फ्रॉक उलटा घातलाय. आणि कॉलर कुठेय?" बाई समजावून सांगायला लागली, मागे पालकांची रांग लागली, भिंगरीचे हात कानांकडे जायला लागले. शिक्षिकेने तिघांनाही मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत नेलं.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. भिंगरीला प्रवेश त्यांनीच दिला होता. पण त्या म्हणाल्या, "आज एकीला सूट दिली की उद्या सगळे मागतील."

"मागू द्या, मी शिवीन," मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवीतून शाळेचा नेहमीचा फ्रॉक काढला आणि भिंगरीसारखाच दुसरा, सुती, जोडीला शिवलेला. "मोठ्या बाई, एक विनंती. आत्ताच काही ठरवू नका. दोन्ही उलटे करा आणि मानेवर घासून बघा."

मोठ्या बाईंना हे जरा विचित्रच वाटलं, पण त्यांनी केलं. आधी एक, मग दुसरा. मग त्यांचा हात नकळत स्वतःच्या ब्लाऊजच्या गळ्याकडे गेला.

"हे लेबल मला वर्षभर टोचतंय," त्या पुटपुटल्या.

"तुम्ही सहन करता, कारण तुमच्या कातडीला जमतं," बाई म्हणाली. "तिने ते सहन करायचं तर सगळी ताकद त्यातच जाते. मग शिकायचं कशाने?"

एवढा वेळ भिंगरी मोठ्या बाईंच्या खिडकीपाशी उभी होती. मैदान रिकामं होतं, मुलं वर्गात गेली होती. अचानक तिने आईचा हात धरून दाराकडे ओढलं आणि म्हणाली, "वर्ग."

फ्रॉकचा प्रश्न तिथेच मिटला. मोठ्या बाई स्वतः उठल्या. घंटेपासून लांब, दाराजवळचा बाक त्यांनी तिला दिला, आणि घंटा वाजायच्या आधी तिला बोटांनी पाच मोजून दाखवायचं, असं वर्गाच्या शिक्षिकेला सांगितलं. ही दुसरी सूचना भिंगरीच्या आईची होती. मोठ्या बाईंनी ती वहीत लिहून घेतली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात भिंगरी दोनदा रडून घरी आली. बुटांचं तर वेगळंच रामायण झालं. पण फ्रॉक अंगातून निघाला नाही. दोन महिन्यांत अशा मुलांची आणखी दोन घरं मास्तरांकडे आली. सूनबाई आता उलटी शिवण मास्तरांपेक्षा सफाईने घालते, आणि दुपारी दोन ते तीन दुकानाच्या दारावर पाटी असते: 'शांत वेळ. या.'

पण मास्तर कुणाला ही गोष्ट सांगतात तेव्हा त्या पहिल्याच सकाळबद्दल सांगतात. शाळेतून ते आणि बाई दोघं दुकानात आले. शाळा सुटायला अजून तीन तास होते. बाई स्टुलावर टेकली. "आता मी काय करू?" असं तिने विचारलं, तेही हसून, कारण सात वर्षांत दिवसा तिला एकटीला असा वेळ कधी मिळालाच नव्हता. सूनबाई चहा ठेवायला आत गेली. ती कप घेऊन आली तोवर बाई भिंतीला डोकं टेकून झोपली होती. बाहेर रस्ता गजबजलेला होता, एक गिऱ्हाईक बाहीच्या लांबीवरून हुज्जत घालत होतं. तिला कशाचीच जाग नव्हती.

मास्तरांनी गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. सूनबाईच्या हातातला कप घेऊन त्यावर बशी झाकली. मग ते आपल्या कामाला लागले.

बाराच्या सुमाराला बाई दचकून उठली. "किती वाजले? शाळा...?"

"अर्धा तास आहे अजून, ताई," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले. "झोपा तुम्ही. मी उठवतो."