तीन नंबर शेडचा भोंगा

दुर्गजवळच्या हथखोजच्या त्या कारखान्यात घोषणांचे एकूण छत्तीस भोंगे, आणि छत्तीसही मिताली ठोंबरेच्या कॉम्प्युटरवर हिरवे. सर्व्हरचा प्रोग्राम दर मिनिटाला प्रत्येक भोंग्याला हाक मारायचा. भोंग्यानं ओ दिली की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, नाही दिली की लाल. सकाळी आठ ते संध्याकाळी चार मिताली ते ठिपके बघायची. पगार कंत्राटदाराचा, नोकरी सूर्यकांत देशकरांच्या मेहेरबानीची. देशकर प्रॉडक्शन मॅनेजर. दुर्गला तिच्याच गल्लीत राहायचे, म्हणून घरी काका, इथे सर.

महिनाअखेरीस तिला एका कागदावर सही करावी लागे. सर्व भोंगे चालू आहेत, भट्टीचा गॅस गळाला तर इशारा प्रत्येक माणसापर्यंत पोचेल. चौदा महिने तिनं ठिपके बघून सही ठोकली होती. ज्यांचा जीव त्या कागदावर होता, त्यांना तो कधी कोणी दाखवला नव्हता.

गेल्या आठवड्यात शेजारच्या कारखान्यात गॅसनं दोन माणसं पडली. म्हणून या वेळी तिनं सहीआधी माइक उचलला आणि ज्याला आवाज येतो त्यानं हात वर करा, असं हिंदीतून सांगितलं. कॅमेऱ्यात शेडमागून शेड हात वर झाले. तीन नंबरमधल्या अकरा माणसांपैकी एकानंही मान वर केली नाही. ठिपका मात्र हिरवागार.

ती उठून तिकडे गेली. भोंग्याच्या तोंडात गोणपाट कोंबून वरून तार आवळलेली होती. भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस भैयालाल. त्यानं लपवाछपवी केली नाही.

"मॅडम, दिन भर गाली कौन सुनेगा?"

मग त्यानं सगळं सांगितलं. पाणी प्यायला कोणी टेकलं की देशकर कॅमेऱ्यात बघून भोंग्यावरून नाव घेऊन शिव्या घालत, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. छप्पन्न वर्षांच्या भैयालालला त्यांनी एकदा सांगितलं होतं, बुढ़ऊ, बसायचं असेल तर मसणात जाऊन बस. त्याच दिवशी भोंग्याचं तोंड बांधलं गेलं. त्याला चार महिने झाले.

चार महिने म्हणजे तिच्या चार खोट्या सह्या.

परत येऊन तिनं प्रोग्राममधली नोंद उघडली. कोण, कधी, कुठल्या शेडशी बोललं, सारं तिथं होतं. कोणी मागितली नाही म्हणून तिनं कधी उघडली नव्हती. गेल्या महिन्यात तीन नंबरला दोनशे बारा घोषणा. दोन सुरक्षेच्या, बाकी साऱ्या देशकरांच्या.

देशकर आले तेव्हा तिनं बांधलेल्या भोंग्याचं सांगितलं आणि त्या नोंदीचा छापील कागद पुढे सरकवला. त्यांनी वाचला, दार लोटलं.

"मिताली, तुह्या बाबाले शब्द देला होता म्या. तू मलेच तोंडघशी पाडून राहिली. त्या अकरा जणाले आत्ता गेटबाहेर काढतो. भोंगा मोकळा होते, तू सही मार."

"ते गेले तर नवे येतील, काका. तेही बांधतील."

"मंग तू काय करतं?"

"तुमचा माइक तीन नंबरवरून काढला. आणि खरं काय ते लिहून हेड ऑफिसच्या सेफ्टीवाल्याइले धाडलं. माह्या चार सह्या खोट्या होत्या, तेही लिहिलं."

देशकरांनी तिच्यासमोरच कंत्राटदाराला फोन लावला. सोमवारपासून दुसरी मुलगी पाठवा. आवाज चढवला नाही. त्यांना माइक असला तरच ओरडता येत असावं.

मितालीनं डबा आवरला आणि तीन नंबरला जाऊन शिडी धरली. भैयालाल पहिल्या पायरीवर थांबला.

"अब गाली नहीं आएगी?"

"सोमवार तक तो नहीं. आगे का मैं नहीं जानती."

तिची नोकरी गेली हे त्याला कळलं असावं. त्यानं खिशातून पक्कड काढली आणि वर चढला.