बुडाला भोक असलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. लहान, सागवानी, एका शिडाची. दोन माणसं बसली की भरणारी. जुन्नरला चांद मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी बरीच वर्षं पालथी पडून आहे.

मिस्त्रींनी जन्मभर दारं, चौकटी आणि बैलगाड्या केल्या. होडी मी एकटीच. त्यांची लेक अनिसा शाळेत विज्ञान शिकवते. तिने माझा आराखडा आणला आणि मिस्त्रींनी फळीला फळी जुळवून मला घडवलं. एकच गोष्ट त्यांना पटेना. आराखड्यात माझ्या बुडाला मधोमध एक लांबट भोक होतं.

"पाणी आत येऊ नये म्हनून तर व्हडी," ते म्हणाले. "आन तिच्याच बुडाला भोक?"

चौकटी करणाऱ्या हाताला फट म्हणजे चूकच वाटते. लेकीला न सांगता त्यांनी ते भोक गाळलं.

ओझरला मला धरणाच्या पाण्यात सोडलं. शीड फुगलं, आणि मी पुढे जायचं सोडून आडवीच सरकत गेले. काठावर यमाजी मेंढरं चारत होता.

"मिस्त्री, व्हडी माझ्या मेंढरावानी हाय तुमची. तोंड एकीकडं आन चाल भलतीकडं."

सगळे हसले. मिस्त्रींनी मला घरी आणलं आणि माझ्यावर गोणपाट टाकून दिलं.

अनिसा रागावली नाही. तिने बादलीभर पाणी घेऊन त्यात एक नळी उभी धरली. नळीत पाणी बादलीइतकंच चढलं आणि थांबलं. भोकाभोवती उंच खोका केला तर पाणीही असंच खोक्यात थांबेल, तिने सांगितलं. आणि त्यातून खाली सोडलेली फळी होडीला आडवं सरकू देणार नाही. मिस्त्रींनी स्वतः नळी खाली-वर करून पाहिली. मग त्यांनी पटाशी उचलली. आपणच घडवलेल्या बुडाला भोक पाडलं. भोवती खोका ठोकला आणि त्यात फळी बसवली.

पुढच्या खेपेला मी समोरच्या वाऱ्यात वळणं घेत घेत थेट घाटाच्या पायऱ्यांना लागले. यमाजीने टोपी काढून हलवली. मग किती रविवार त्या बापलेकीने माझ्यात बसून काढले! पुढे अनिसाची बदली झाली, मिस्त्रींचे गुडघे दुखू लागले. शेडमध्ये माझं लाकूड सुकलं, फळ्यांत फटी पडल्या.

परवा हॉटेलवाला जालिंदर आला. हॉटेलच्या दारात मला मांडून, आत पाणी भरून त्याला कमळं लावायची होती.

"लई भारी दिसंल, चाचा. तेवढं बुडाचं भोक बुजवून द्या."

मिस्त्री काठी टेकत माझ्यापाशी आले. त्या भोकाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"फटी बुजवीन. भोक न्हाई बुजवायचं," ते म्हणाले. "त्याच्यामुळंच ती सरळ चालती."

जालिंदर रिकाम्या हाताने गेल्यावर त्यांनी अनिसाला फोन लावला आणि रविवारी ये म्हणून सांगितलं.

मित्रांनो, जुन्या होडीला शोभेला मांडू नका. अधूनमधून तिला पाण्यात न्या. पाणी प्यालं की आमचं लाकूड फुगतं आणि बारीक फटी आपोआप मिटतात. आज सकाळी मिस्त्रींनी माझ्यावर पुन्हा गोणपाट घातलं आहे. या खेपेला ओलं करून.