पाळकसाहेबांच्या गाळलेल्या जागा

डब्याचं झाकण ओट्यावरून घरंगळलं, फरशीवर तीन गिरक्या घेऊन गप्प झालं, आणि ते गप्प झालं त्याच क्षणी धाकटी जागी झाली. रविवारची पहाट होती. घर इतकं शांत होतं की मला वाटलं होतं, आज निदान चहा तरी गरम प्यायला मिळेल. पण जी मुलगी झाकणाला उठते ती चर्चमधल्या ऑर्गनला काय करेल, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

आगमनकाळाचा पहिला रविवार होता तो. आमच्या चर्चचं वर्ष तिथून सुरू होतं, नाताळाच्या चार आठवडे आधी. मीही ठरवलं होतं, नवं वर्ष, नवी मी. धाकटी तीन महिन्यांची, थोरली पाच वर्षांची. आता नियमानं उपासनेला जायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या आमेनपर्यंत बसायचं. ऑर्गनचा पहिला सूर लागला आणि धाकटीनं त्याच्या वरची पट्टी लावली. पुढच्या बाकावरून सासूबाई मान न वळवता म्हणाल्या, "आमच्या वेळी पोरं प्रार्थनेत झोपायची."

"प्रवचनं तशी असतील," मी म्हणाले. पुटपुटले म्हणा. मग पिशवी, दुपटं, बाटली आणि दोन्ही मुली घेऊन बाजूच्या दारानं व्हेस्ट्रीत गेले.

व्हेस्ट्री म्हणजे पाळकांची झगे चढवायची खोली. एक कपाट, एक टेबल, मेणबत्त्यांच्या बुडख्यांचं खोकं, आणि भिंतीवर एक स्पीकर, ज्यातून आतली उपासना ऐकू येते. त्या वर्षी मी चर्चमध्ये बावन्न रविवार गेले आणि त्यातले जवळजवळ सगळे त्या स्पीकरखाली काढले. लोक म्हणायचे, किती भाविक झाली ही. भाविक कसली, हद्दपार होते.

दुसऱ्या रविवारी मी सरळ उपासनेच्या आधीच तिथे जाऊन बसले. उगाच ये-जा कशाला. पाळकसाहेब टेबलाशी उभे होते, समोर जाड पुस्तक उघडलेलं, बोट ओळीवर, आणि त्या दिवसाचा शास्त्रपाठ खणखणीत आवाजात म्हणत होते. धाकटीला खांद्यावर थोपटत मी येरझारा घालत होते, म्हणून सहज पुस्तकात डोकावले. ते विवाहनोंदणीचं रजिस्टर होतं. माणूस वधू-वरांच्या सह्यांवर बोट ठेवून शुभवर्तमान वाचत होता.

धाकटीचं थोपटणं थांबलं असावं, कारण त्यांनी बोट उचललं.

"काय उघडलंय मी?" त्यांनी विचारलं.

"लग्नं," मी म्हणाले.

"अरेरे. मग बरीच आनंदाची बातमी आहे म्हणा."

त्यांचं दिसणं जवळजवळ गेलं होतं. माणसं सावल्यांसारखी, अक्षरं अजिबात नाहीत. एकटेच राहायचे, त्यामुळे घरात कुणाला कळायचा प्रश्न नव्हता. प्रार्थना सगळ्या पाठ होत्या, चाळीस वर्षांत भिंतींनाही पाठ झाल्या असतील. शास्त्रपाठही बरेचसे. "पण मध्ये मध्ये गाळलेल्या जागा आहेत," ते म्हणाले. "पुढच्या आगमनकाळाच्या आदल्या रविवारी मी निवृत्त होतोय. चाळीस वर्षांत एकही वर्ष अर्धवट टाकलं नाही. हे एवढं पुरं करायचंय. कमिटीला कळलं तर उद्याच खुर्चीत बसवतील."

"मी वाचून दाखवू का?" मी विचारलं.

माझ्या तोंडाला ही खोड आहे. डोकं जागेवर यायच्या आत हो म्हणून मोकळं होतं. लग्नही असंच झालं.

तर असं आमचं सुरू झालं. उपासनेच्या तासभर आधी मी शास्त्रपाठ दोनदा वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे, मग म्हणून दाखवायचे. चुकले की मी "अंहं" म्हणायची. थोरली टेबलाखाली रंगवत बसायची आणि आठवड्याभरात तीही "अंहं" म्हणायला लागली, माझ्याआधी. नवऱ्याला सांगितलं नाही. तो गायकवृंदात खालचा सूर गातो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, तो सूरसुद्धा.

नाताळ निभावला. मेणबत्त्यांच्या उजेडात तसंही कुणाला काही दिसत नाही. गव्हाणीच्या देखाव्यात बाळ म्हणून धाकटीची निवड झाली, मंडळीत तिच्याएवढं दुसरं कुणी नव्हतंच. तिनं असा टाहो फोडला की तिच्या जागी टॉवेलची गुंडाळी ठेवली. खरं सांगायचं तर गुंडाळीनं काम जास्त चांगलं केलं.

फजिती झाली ती ईस्टरआधीच्या उपवासकाळात. आदल्या आठवड्यात धाकटीला दात येत होते. मी झोपेत होते की जागी होते, हे सांगायला साक्षीदार नाही. पुस्तकाच्या दोन पानांमध्ये बिस्किटाचा लगदा अडकून ती पानं चिकटली होती आणि मी पुढच्या रविवारचा पाठ वाचून दाखवला. साहेबांनी तो घोकला. मी स्पीकरखाली पाय पसरून बसले, आणि त्यांचा आवाज सुरू झाल्यावर दोन-तीन वाक्यांनी एक वेगळाच आवाज ऐकू आला. सळसळ, सळसळ. सगळी मंडळी पानं उलटत होती. शंभर-सव्वाशे माणसं आपला पाळक कुठं गेला ते शोधत होती.

उपासना संपल्यावर मास्तर व्हेस्ट्रीत आले. मास्तर म्हणजे आमच्या कमिटीचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक. खिशात अजून लाल पेन्सिल असते.

"साहेब, आज एक आठवडा पुढे गेलात," ते म्हणाले.

"वय झालं मास्तर," पाळकसाहेब म्हणाले. "या वयात माणसाला घाई होते."

मास्तर हसले, पण जाताना टेबलावरचं पुस्तक उचलून त्यातली चिकटलेली पानं त्यांनी नखानं सोडवली. माझ्याकडे पाहिलं नाही. शाळेत असताना ज्या शिक्षकांनी असं पाहिलं नाही, त्यांचीच मला जास्त भीती वाटायची.

ते गेल्यावर मी रडकुंडीला आले. साहेब म्हणाले, "पोरी, चूक झाली ती झाली. पुढच्या रविवारचा पाठ तयार आहे, एवढं बघ."

ईस्टरला धाकटीचा बाप्तिस्मा ठरला. मी तिला धरून उभी, नवरा घामाघूम, सासूबाई पहिल्या बाकावर ताठ. साहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं. आमच्यात तीनदा ओततात. पहिली ओंजळ माझ्या मनगटावर पडली, दुसरी तिच्या कानावर. मी तिला हळूच सरकवून तिचं डोकं त्यांच्या हाताखाली दिलं आणि तिसरी बरोबर टाळूवर गेली. म्हणजे हिशेबानं एक तृतीयांश बाप्तिस्मा माझाच झाला, दुसऱ्यांदा. नवल म्हणजे धाकटी रडली नाही. त्यांचा तळवा तिच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला. ते तिला बघत होते, तसं बघणं मला नंतर कुणातच दिसलं नाही.

मग आले ते नुसते आकड्यांचे रविवार. ट्रिनिटीच्या सणानंतरचा पाचवा, अकरावा, सतरावा. ना वरात, ना मयत. वेदीवर तेच हिरवं कापड, प्रवचनात तोच बी पेरणाऱ्याचा दाखला. धाकटी रांगली, उभी राहिली, मेणबत्तीचं एक बुडखं खाऊन पचवलं. साहेबांना आता सावल्याही दिसेनाशा झाल्या. पायऱ्या ते मोजून चढायचे. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षारसाचा प्याला एकदा एका आजीच्या हनुवटीवर कलला, आजी म्हणाल्या माझाच हात हलला. एवढे दिवस गेले, आता चार रविवार काय जड आहेत, असं मी म्हणायची आणि लाकडाच्या टेबलाला हात लावायची. ख्रिस्ती बाई, पण हात जातोच.

चार राहिले होते त्या रविवारी, सूचना सांगायच्या वेळी, स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला. "साहेब, बिशपसाहेबांचं पत्र आलंय. मंडळीपुढे वाचायचं आहे."

कागदाची घडी उलगडल्याचं ऐकू आलं.

"चष्मा," साहेब म्हणाले.

"चष्मा नाकावर आहे तुमच्या," मास्तर म्हणाले, आणि लोक हसले.

हसणं संपलं. मी वाट पाहिली. ते काहीतरी विनोद करतील, पत्र खिशात घालतील, वेळ मारून नेतील. स्पीकरमध्ये नुसती खरखर होती.

माझ्या चपला थोरलीनं टेबलाखाली कुठेतरी बाहुलीच्या होड्या केल्या होत्या. मी अनवाणी निघाले, धाकटी कमरेवर, माझी वेणी तिच्या मुठीत, खांद्यावर सकाळची खिमट. बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच मी उपासना चालू असताना मंडळीसमोर आले, तीही अशी. सासूबाईंनी डोळे मिटले. प्रार्थना करत असाव्यात.

"मी वाचते," मी म्हणाले.

साहेबांनी कागद पुढे केला, माझ्या आवाजाच्या दिशेनं. मी वाचू लागले. बिशपांनी छान लिहिलं होतं. आभार, आशीर्वाद, निरोपाची तारीख. आणि मग एक वाक्य आलं, 'आपल्या पाळकांच्या इतक्या वर्षांच्या डोळस सेवेबद्दल.' त्या शब्दापाशी मी थांबले. धाकटी माझी वेणी चोखत होती.

"काय लिहिलंय?" साहेबांनी हलकेच विचारलं.

"डोळस," मी म्हणाले.

ते हसले. मग मंडळीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मला वर्षभर अक्षर दिसत नाही. या बाई वाचतात, मी बोलतो. आज तुम्हाला कळलं, बरं झालं."

बुधवारी कमिटी बसली. बातमी सासूबाईंनी आणली. मास्तर म्हणाले म्हणे, "माणूस मोठा आहे. पण प्याला कुणाच्या ओठाला लागतोय, हे दिसायला नको?" तो आजीच्या हनुवटीवर कलला तेव्हा मी स्पीकरखाली बसून नख कुरतडलं होतं. उरलेल्या तीन रविवारी शेजारच्या चर्चचे तरुण पाळक येणार. मला व्हेस्ट्रीचं कपाट आवरायच्या समितीवर घेण्यात आलं. समितीत मी एकटी.

"त्या दिवशी मी व्हेस्ट्रीतच थांबायला हवं होतं," साहेबांच्या घरी जाऊन मी म्हणाले. "तुमचं वर्ष मोडलं."

"तू आली नसतीस तर मी मनानं रचून म्हणालो असतो. बिशपच्या नावानं," ते म्हणाले. "तेवढं तरी वाचलं." मग म्हणाले, "मोडलं खरं." आणि पुढच्या रविवारचा पाठ काय आहे, ते विचारलं. मी पुस्तक आणलंच होतं. वाचून दाखवलं, दोनदा.

शेवटच्या रविवारी ते आमच्या बाकावर बसले, साध्या कपड्यांत, थोरलीच्या शेजारी. मीही व्हेस्ट्रीत गेले नाही. धाकटी आता ऑर्गनला रडत नाही, उपासनेचा छापील कागद खाते. समोर तरुण पाळक वाचत होते, बोट ओळीवर ठेवून, बिचारे घाबरलेले. एक ओळ निसटली, परत मागे आले, पुन्हा अडखळले. साहेबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता म्हटलं तरी चालेल, पण ते अर्धं वाक्य पुढे होते, प्रत्येक वेळी, एकही जागा न गाळता.

थोरलीनं एकदा त्यांच्या ओठांकडे पाहिलं, एकदा समोर. मग माझ्याकडे वाकली आणि मुलं कुजबुजतात तसं, तीन बाकांना ऐकू जाईल असं कुजबुजली, "आई, आजोबांना न बघता सगळं येतं, आणि यांना बघूनसुद्धा येत नाही. मग आजोबांना खाली का बसवलंय?"