माझा बर्फ कोणी काढला?

मित्रांनो, मी एक जुनी शीतपेटी आहे आणि सध्या माझं डोकं जाम तापलेलं आहे.

कारखान्यात माझ्या भिंतींमध्ये जाड फोम भरला, तेव्हाच माझं काम ठरलं. बाहेर कितीही ऊन असो, आतलं गार ठेवायचं. उदगीरच्या जनावरांच्या डॉक्टर विशाखाताई माझ्यातून गायींचं रक्त प्रयोगशाळेत नेतात. गुरांच्या लंपी रोगाचा विषाणू अंगात शिरला की रक्तातल्या पेशी त्याला कशा अडवतात आणि कुठे हरतात, हे त्या शोधतात. त्यासाठी पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. मोटारसायकलच्या मागे बांधलेली मी गावोगाव हिंडले, खरचटले, पण माझ्यातली नळी कधी नासली नाही. त्याचा मला अभिमान होता.

रेणापूरजवळच्या एका गावात जनावरांच्या तपासणीचं शिबिर होतं. तिथल्या गुणाबाईंची लाल कंधारी गाय चंद्री तापाने फणफणली होती. त्याच गोठ्यातली तिची सख्खी बहीण मात्र ठणठणीत.

"एकीला लागलं, दुसरीला न्हाई. का, ते आजच्या रक्तात कळंल, मावशी," विशाखाताई म्हणाल्या.

गुणाबाईंनी चंद्रीची मान धरली. "घ्या बाई. ही वाचती का न्हाई ठावं न्हाई, पर हिच्यापायी दुसऱ्यांची तरी वाचू द्या."

दोन्ही गायींच्या रक्ताच्या नळ्या माझ्यात आल्या. पण शिबिराचे संयोजक दयानंदराव आडवे आले. "मॅडम, शाल-श्रीफळ घेतल्याबगर जाऊ देणार न्हाई!" ताई विनवत राहिल्या, तरी त्यांना स्टेजवर बसवलंच. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मी मंडपामागे उन्हात. दयानंदरावांनी माझं झाकण उघडलं, बर्फाच्या पिशव्या उचलल्या आणि पाहुण्यांच्या सरबताच्या बाटल्यांभोवती रचल्या.

"आत नुसतं रक्त तर हाय," ते म्हणाले.

नुसतं रक्त! मला हलता आलं असतं, तर त्यांची बोटं झाकणात चेंगरली असती.

सत्कार उरकल्यावर ताईंना सरबताभोवती माझ्या पिशव्या दिसल्या, पण तोवर बर्फ वितळला होता. प्रयोगशाळेत पेशी मेलेल्या निघाल्या. ताई पुन्हा गावात गेल्या, तोवर चंद्री गेली होती.

"काय निघालं वो बाई, माझ्या चंद्रीच्या रक्तात?" गुणाबाईंनी विचारलं.

"काहीच न्हाई, मावशी. बर्फ काढून घेतला, रक्त नासलं."

"कशापायी काढला?"

"पाहुण्यांच्या सरबतासाठी."

गुणाबाई उठल्या. चंद्रीच्या बहिणीला पुढे घेऊन आल्या.

"हिचं घ्या. आन् डबा माझ्या मांडीवर ठेवा. गाडीवर मागं बसून मी संगं येते. बघते कोण हात लावतंय!"

मित्रांनो, प्रत्येक गावात मला अशी मांडी मिळणार नाही. माझा बर्फ कोणी काढू लागला, तर तो कितीही मोठा माणूस असो, त्याचा हात धरा.